एक जूनची सून

चिंचवड, १२ डिसेंबर १९६६

अहो,

पाकिटावर तुमचं नाव लिहिताना हात अडखळला. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, त्यानंतर ते घ्यायची वेळ तुम्ही येऊच दिली नाहीत. पोस्टाला ‘अहो, मोशी’ एवढा पत्ता पुरत नाही म्हणून रंगराव असं स्पष्ट लिहिलं. राग येऊ देऊ नका. आला तरी माझी हरकत नाही.

तुमचं कार्ड मिळालं. उघडं कार्ड! शिपायापासून स्वैपाकाच्या बाईपर्यंत सगळ्यांनी वाचलं आणि मग माझ्या हातात दिलं. आता अख्ख्या दवाखान्याला ठाऊक झालंय की नर्स कौशल्या मूळ नक्षत्रावर जन्मलेली आहे, मुळावरची सून सासऱ्याला वाईट, म्हणून तिचे मामंजी गेले आणि म्हणून तिला सहा वर्षांपूर्वी माहेरी धाडलं. आता तुमच्या आई, आत्याबाई, आजारी आहेत, आणि जोशीबुवांनी सांगितलंय की सुनेच्या मुळाची शांत करायची राहून गेली म्हणून दुखणं हटत नाही. तेव्हा १९ जानेवारीला मी मोशीला यायचं, पाटावर बसायचं, चार माणसांदेखत म्हणायचं की माझ्या पायगुणानं सासरा गेला. मग तुम्ही मला घरात घ्याल.

खरं सांगू? वाचून आधी संताप आला. मग रडू आलं. मग ट्रंकेच्या तळातून हिरवं लुगडं काढून उन्हात टाकलं. बाईमाणसाचं मन असं असतं, त्याला मी तरी काय करू.

सहा वर्षांत तुम्ही दुसरी केली नाहीत हे मला कळतं. दोन वर्षांमागे आमच्या फाटकासमोर पेरूची पिशवी घेऊन तासभर उभे होतात तेही मी खिडकीतून पाहिलं होतं. आत का आला नाहीत ते तुमचं तुम्हाला माहीत. ते पेरू शेवटी कुणी खाल्ले?

मी येईन बहुतेक. पाटावर बसेन. मामंजींच्या बाबतीत माझ्या हातून चूक झालीच आहे. कोणती, ते लिहीत नाही.

एवढं मात्र कळवा. आत्याबाईंना नेमकं काय होतंय? ‘बरं नाही’ हे काही दुखणं नव्हे. मी आता नर्स आहे, बाळंतपणं करते, बाळांची नोंद रजिस्टरात लिहिते, मला नीट सांगितलं तर समजतं.

कौशल्या


चिंचवड, २० डिसेंबर १९६६

अहो,

तुमचं उत्तर नाही. सवय आहे मला. तोवर इकडची एक गंमत सांगते, म्हणजे आधी गंमत होती.

आमच्याकडे एक जपानी बाई तपासायला येते. फुमिको नाव. तिचा नवरा ओकाडा साहेब पिंपरीला एका कंपनीत मशिनरी बसवायला आलाय. बाई मराठी बोलते हो! पण शिकली भाजीवाल्या रंभाकडून. त्यामुळे डॉक्टरीणबाईंनी औषध लिहून दिलं की म्हणते, “काय भाव? नको, महाग!” हसून हसून आमची पुरेवाट होते. दिवस भरलेत तिचे. जानेवारीचा पहिला आठवडा सांगितलाय.

परवा फाटकाशी नंदीबैलवाला आला. गुबुगुबु वाजलं तशी ही बाई एवढं पोट घेऊन धावत बाहेर. मी मागोमाग. मला म्हणते, विचार त्याला, बाळ नव्या साली येणार का? मी विचारलं. नंदीनं मान डोलावली. नंदी कधी नाही म्हणालाय का कुणाला? पण बाईनं दोन्ही हात जोडले आणि अख्खी केळ्यांची फणी त्याच्या तोंडात दिली. डोळ्यांत पाणी तिच्या. मी म्हटलं, बाई गं, एवढं काय झालं?

मग तिनं केसपेपरच्या पाठीवर घोडा काढून दाखवला. घोड्याच्या पाठीवर जाळ. अर्धं इंग्रजी, अर्धी भाजीबाजारातली मराठी, अशी तिची गोष्ट मला कळली ती अशी. त्यांच्याकडे सालांना जनावरांची नावं असतात. हे साल घोड्याचं, त्यातही आगीच्या घोड्याचं, साठ वर्षांनी एकदा येतं. या सालात जन्मलेली मुलगी नवऱ्याला खाते म्हणे. म्हणून यंदा तिच्या बहिणीनं, शेजारणीनं, मैत्रिणींनी, कुणी मूल होऊच दिलं नाही. हिला राहिलं. सासूचं विमानाच्या डाकेनं पत्र आलंय की काही झालं तरी बाळ जानेवारीतच होऊ दे. पोटातल्या पोराला जसं काही पंचांग वाचता येतं!

मला इतके दिवस वाटायचं की असलं सगळं आपल्याकडे. ज्यांची मशिनं बघायला आपले लोक तोंड उघडून उभे राहतात, ती माणसंही जोशाला हात दाखवतात, नावाच्या अक्षरांतल्या रेघा मोजून नशीब काढतात, देवळात चिठ्ठ्या उचलतात. बाई सांगत होती, चिठ्ठी वाईट निघाली तर ती देवळातल्या झाडाच्या फांदीला बांधायची आणि आपण मोकळं घरी यायचं. वाईट ते तिथंच राहतं. ही रीत मला फार आवडली. आपल्याकडे वाईट निघालं तर माहेरी धाडतात.

मी हसत होते, पण मधेच हसू थांबलं. त्यांच्यात नवऱ्याला, आपल्यात सासऱ्याला. खाणारी मात्र दोन्हीकडे बाईच कशी हो?

आत्याबाईंचं कळवा. तिसऱ्यांदा विचारायला लावू नका.

कौशल्या


चिंचवड, २९ डिसेंबर १९६६

अहो,

तुमच्या दोन ओळी पोचल्या. “संध्याकाळी अंग तापतं. खोकला दोन महिने आहे. जेवण तुटलं, हाडं राहिली. जोशी म्हणतात शांत झाली की उतार पडेल.”

त्या मी तीनदा वाचल्या. का, ते आज लिहायचा धीर होत नाही. पण एवढं आजच्या आज करा. आत्याबाईंचं अंथरूण आणि तांब्या-पेला वेगळा ठेवा. थुंकायला झाकणाचा डबा द्या, तळाला राख घाला, आणि थुंकी पुरा. त्या शिव्या देतील. देऊ द्या. मी सांगितलं असं सांगू नका, नाहीतर मुद्दाम करायच्या नाहीत.

आता इकडचं. नंदीनं बाईला फसवलं. काल, २८ तारखेला, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी फुमिको बाळंत झाली. मुलगी. सहा पौंडांची, काळंभोर जावळ, आणि आवाज असा की रस्त्यावरचे टांगेवाले वळून पाहायला लागले. मीच सोडवली. नाळ कापताना माझ्याच मनात आलं, चार दिवस कळ काढली असतीस तर काय बिघडलं असतं तुझं?

ओकाडा साहेब आला. मुलगी बघितली, हसला, आणि लगेच डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेला. अर्ध्या तासानं मला बोलावणं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “कौशल्या, अठ्ठावीसची ओळ मोकळी सोड. दोन जानेवारी टाकू. त्यांच्यात भरतात म्हणे अशा तारखा. पाच दिवसांनी कुणाचं काय जातंय?”

तुम्हाला वाटेल मी लगेच फणा काढला. नाही हो. मी टाक उचलला होता. मला वाटलं, एका तारखेनं माझा संसार मोडला, एका तारखेनं या पोरीचा वाचत असेल तर लिहावं की खोटं. खरी लिहिली तर जन्मभर नवरा खाणारी म्हणतील तिला, आणि ते माझ्या अक्षरात असेल. पण साहेबानं विचारलं, डॉक्टरीणबाईंनी ठरवलं, आणि जिनं नऊ महिने वागवली तिला कुणी विचारलंच नाही. म्हणून रजिस्टर काखेत मारलं आणि थेट तिच्या खाटेशी गेले. म्हटलं, बाई, साहेब असं म्हणतोय, तू काय म्हणतेस?

तिनं उशीखालच्या बटव्यातून एक फोटो काढला. एक म्हातारी, आखूड केस, ताठ बसलेली. तिची मावशी. तीही आगीच्या घोड्याच्या सालातली, मागच्या, साठ वर्षांपूर्वीच्या. तिच्याही बापानं पुढच्या सालातली तारीख लिहून घेतली होती. पण गावानं तिला रांगताना पाहिलं होतं ना! लोकांनी बोटांवर महिने मोजले. स्थळ यायचं, शेजारी कानाला लागायचे, स्थळ परत जायचं. वर आणखी बोल लागला, की लपवलं म्हणजे नक्कीच काहीतरी असणार. मावशीनं लग्नाशिवाय जन्म काढला, शिवणकाम करून हिला वाढवली. आणि म्हातारीला अजून आपला खरा वाढदिवस माहीत नाही. आईबाप दोघंही न सांगता गेले.

एवढं सांगून बाईनं रजिस्टरावर बोट ठेवलं. म्हणाली, “खरं लिही. खोटं नको. खोटं महाग.”

मी लिहिली. अठ्ठावीस डिसेंबर, बारा वाजून दहा मिनिटं, मुलगी. चांगली ठळक.

डॉक्टरीणबाई भडकल्या. म्हणाल्या उद्यापासून रजिस्टर तानुबाईंकडे. तानुबाई म्हणजे आमची दापोडीची आया, वीस वर्षं बाळंतपणं बघतेय. ती फरशी पुसता पुसता म्हणाली, “बाई, मला लिवायला येत न्हाई, आन् खोटं लिवायला तर त्याहून न्हाई. आमी छप्पन साली धर्म घेतला तवाच मूळ न् ग्रह समदं सोडलं. तवापासनं आमच्या आळीत कुनाचा सासरा मुळानं मेला न्हाई. म्हातारपनानं मरत्यात.” डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. रजिस्टर माझ्याकडेच राहिलं.

साहेब आला, ती ओळ वाचली, आणि भिंतीशी उभा राहिला. मला म्हणाला, माझी आई रडेल. त्यावर खाटेवरून फुमिको म्हणाली, “रडू दे.” आम्ही नर्सा बाळांबद्दल दिवसभर म्हणतो तेच. आणि तिनं मुलगी उचलून त्याच्या हातात दिली. त्यानं घेतली.

मला त्या वेळी तुमची आठवण झाली. वाईट वाटलं. तुमच्या हातात कुणी काही दिलंच नाही, असंही वाटलं.

कौशल्या


चिंचवड, २ जानेवारी १९६७

अहो,

आज पत्र लांब होईल. बसून वाचा.

परवा शनिवारी, नवीन साल येतंय म्हणून, कारकुनानं आम्हा नोकरांचे शाळेचे दाखले मागितले, हजेरीपटावर जन्मतारखा लिहायला. मोठ्यानं वाचत होता. कौशल्या, एक जून. शिपाई, एक जून. वॉर्डातली शालन, एक जून. तानुबाईनं फडकं खाली ठेवलं. “का गं, तुमच्या समद्यांच्या आया एकाच दिशी बाळंत झाल्या व्हय? त्या दिशी सुईनीचं काय हाल झालं आसत्याल!”

सगळे हसले. मीही हसले. आणि मग माझं रजिस्टर उघडून तारखा चाळल्या. मी इथं चार वर्षं रजिस्टर लिहितेय. पोरं बारा महिने तीस दिवस जन्मतात. एक जूनलाच काय अशी झुंबड उडाली होती?

काल रविवार होता, चाकणला माहेरी गेले. आईला म्हटलं, मी कधी झाले गं? आई निवडत होती तांदूळ, मान वर न करता म्हणाली, “शाळू काढनीला. खळ्यावर कळा आल्या, तुझ्या बानं पाटीभर कणसं टाकून मला घरी आनली. थंडी हुती. तुला गोधडीत गुंडाळली हुती.”

शाळू काढणी म्हणजे माघ-फाल्गुन. जूनमध्ये कुठली हो थंडी आणि कुठलं खळं?

मग तिनं सगळं सांगितलं. अठ्ठेचाळीस साली मास्तरांनी गावातली पोरं गोळा केली, रांगेत उभी केली, उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला सांगितला. ज्याचा कान हाताला लागला तो सहा वर्षांचा. शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून सगळ्यांना एक जून बेचाळीस. आमच्या वर्गात सतरा पोरं होती. सतराही एक जूनची. जोशीबुवांच्या हिशेबानं सतराही मुळावरची. त्यांतल्या पाच पोरी नांदत्या आहेत आणि त्यांचे सासरे काठ्या टेकत का होईना चाकणच्या बाजारात फिरतात. मी काल एकाला डोळ्यांनी पाहून आले. कांद्याच्या भावावरून भांडत होता.

आता सगळ्यात वाईट ऐका. आपलं लग्न नावावरून जुळलं होतं, पत्रिका कुणी बघितलीच नव्हती. मामंजींचं तेरावं झाल्यावर आत्याबाई जोशाकडे निघाल्या आणि मला विचारलं, “तुजी तारीख म्हाईत हाय का गं?” घरात शिकलेली सून मी एकटी. मोठ्या तोऱ्यात पाठ म्हणून दाखवली, एक जून एकोणीसशे बेचाळीस. वेळ विचारली तर पहाटेची म्हणाले. सगळे पहाटेची सांगतात म्हणून. माझं मूळ मी माझ्या तोंडानं त्यांच्या पदरात बांधून दिलं! जोशानं पंचांगात बघितलं, त्याचं गणित काही चुकलं नसेल. तारीखच माझी नव्हती.

सहा वर्षं हो. एका मास्तरानं काम उरकायला टाकलेल्या तारखेसाठी.

आणि तुम्ही शांतीचा मुहूर्त काढून बसलाय. तुमच्या कंपनीच्या ओळखपत्रावर तुमची कोणती तारीख आहे, आठवतंय का? तो फॉर्म मीच भरला होता, ओट्यावर बसून. बघा काढून खिशातनं. एक जून.

माझं खरं नक्षत्र कोणतं ते आता कुणालाच कळायचं नाही. मला नकोही आहे.

कौशल्या


चिंचवड, ८ जानेवारी १९६७

अहो,

तुमचं पत्र काल मिळालं. या वेळी पाकिटात घातलंत, बरं केलंत. लिहिता की तारखेचं पटलं, आईला सांगायला जीभ उचलत नाही, शिवाय आता शांत ठरलीच आहे, शिधा भरलाय, तर एकदाची बसून जा, काय बिघडतं. आणि शेवटी, काल आईच्या खोकल्यातून लाल पडलं.

आता मला सांगितलंच पाहिजे. सहा वर्षं गिळून ठेवलंय ते.

मामंजी मुळानं गेले नाहीत आणि गावात सांगितलं तशा पोटदुखीनंही गेले नाहीत. त्यांना क्षय होता. ते जायच्या आधी तीन महिने मी गोठा झाडताना कुडाच्या फटीत कोंबलेलं एक फडकं सापडलं. रक्तानं भरलेलं. मी घेऊन उभी, तेवढ्यात ते आले. मला म्हणाले, “पोरी, बोलू नगं. क्षयाचं घर म्हनलं की सुभद्राची सोयरीक मोडंल. तिचं लगीन हूंदे, मग मी सोताहून दवाखान्यात जातो.” माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून आण घातली. मी अठराची होते. बोलले नाही. फडकी मीच धुवायची, नदीला एकटी जाऊन, सगळ्या बाया घरी गेल्यावर. सुभद्रावन्संचं लग्न झालं. तुम्ही वरातीत नाचलात. त्यानंतर नवव्या दिवशी मामंजी गेले.

त्या दिवसांत इंजेक्शनं होती हो. गोळ्या होत्या. मी शिकायला गेले तेव्हा पहिल्याच वर्षी ते पुस्तकात वाचलं आणि वसतिगृहाच्या न्हाणीघरात बसून रडले. मी तोंड उघडलं असतं तर मामंजी आज ओट्यावर बसलेले असते.

म्हणून आत्याबाई जेव्हा ओरडल्या की हिच्या मुळानं खाल्लं माझ्या धन्याला, तेव्हा मी उलटून बोलले नाही. मला एका परीनं बरंच वाटलं. शिक्षा तर मिळाली, कारण खोटं का असेना. तुम्ही दारात उभे होतात, जोडे घातलेले, कामाला निघालेले. “थांब” एवढं म्हणाला असतात तरी मी फडक्यांचं सगळं सांगून टाकलं असतं. तुम्ही बोलला नाहीत, मी बोलले नाही, मामंजी बोलले नाहीत. आपल्या घरात माणसं गप्प राहून मारतात.

आता मी गप्प बसणार नाही. आत्याबाईंना तेच झालंय. माझी खात्री आहे, तरी थुंकी तपासायची, छातीचा फोटो काढायचा. मी डॉक्टरीणबाईंना कालच सगळं सांगितलं. अजून घुश्शात आहेत, पण छातीच्या दवाखान्याची चिठ्ठी त्यांनीच लिहून दिली. दीड वर्ष औषध घ्यावं लागेल, एक दिवस न चुकवता. बऱ्या होतील. मी बऱ्या झालेल्या बाया पाहिल्यात, पाटी उचलून शेतात जाणाऱ्या. तुमचीही छाती तपासायची, नाही म्हणायचं नाही.

त्या मला शिव्या घालतील. दारात पाऊल टाकू देणार नाहीत. मुळावरची आली, मला न्यायला आली म्हणतील. मी फडक्यांचं त्यांना स्वतः सांगणार आहे, त्यांच्यासमोर उभी राहून. त्यांनी मला पायतण मारलं तर त्यांचा तो हक्क आहे, मी खाईन. पण त्या दवाखान्यात जातील. उचलून न्यावं लागलं तर तुम्ही खांद्याकडून धरा, मी पायाकडून धरते.

घरात घेण्याचं म्हणाल, तर तो मुहूर्त काढायची घाई करू नका. मला यायचंय की नाही हे आता मी ठरवीन. त्यांचं औषध चालू असेपर्यंत दर रविवारी मोशीला येईन, गोळ्या मोजून बघेन, संध्याकाळी परत जाईन. तेवढ्या काळात तुम्हाला आईसमोर, गावासमोर माझ्या बाजूनं एक वाक्य बोलता आलं, तर बघू. माझा जीव तुमच्यावर आहे, तो काही गेला नाही. पण नुसत्या जिवावर मी आता त्या घरात नांदायची नाही.

जोशीबुवांना निरोप द्या की शिधा त्यांनी न्यावा, माझी ना नाही. मात्र १९ तारखेची वाट हे दुखणं बघणार नाही आणि मीही बघणार नाही. हे पत्र तुम्हाला मंगळवारी मिळेल. मी बुधवारी सकाळच्या मोटारीनं येतेय. कंपनीत रजा टाका. पाट मांडू नका. आत्याबाईंना फाट्यापर्यंत न्यायला बैलगाडी जुंपून ठेवा.

कौशल्या